हुकमी बंद पाडता आला पाहिजे

गेल्या रविवारी कॅबिनेट स्कूटरवर बांधताना तू म्हणालीस, "मामा, हे सगळं एकदा लिहून दे. माझ्या मैत्रिणीचा नवा कॉम्प्युटरही असाच मधेच बंद पडतोय." म्हणून लिहायला बसलोय. माझा धंदा तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला काढली, त्यातली निम्मी सीएनसी लेथच्या कंट्रोल पॅनेलपुढं. कॉम्प्युटर मी कधी विकले नाहीत, पण अधनंमधनं येणारा फॉल्ट आयुष्यभर शोधलाय. तो लेथमध्ये असो की तुझ्या टेबलाखालच्या डब्यात, त्याची जात एकच.

माझे वस्ताद उद्यमनगरात घडलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला जवळ बसवून सांगितलं होतं, "पार बंद पडलेलं मशीन कुणीबी चालू करंल. जे मधनंच पडतंय आणि आपण गेलो की चालतंय, त्याला आधी हुकमी पाडायला शीक." हुकमी म्हणजे आपण म्हणू तेव्हा, आपण म्हणू तसं, दहातनं दहादा. तेवढं जमलं की निम्मा फॉल्ट निघाला असं ते मानायचे.

त्यांचं म्हणणं मला पटलं ते एका एप्रिलमध्ये. एका शेडमधला लेथ आठवड्यातनं दोनदा-तीनदा, केव्हाही, रिसेट व्हायचा. बाहेरनं आलेल्या इंजिनिअरनी दोन कार्डं बदलली. ते यायचे सकाळी दहाला, तेव्हा मशीन गुण्यागोविंदानं चालायचं. वस्तादांनी एकाही कार्डाला हात लावला नाही. आठ दिवस ऑपरेटरला वेळ लिहायला लावली. सगळ्या नोंदी दुपारी दोन ते साडेचारमधल्या निघाल्या, वरचा पत्रा तापतो त्या वेळच्या. मग एका सकाळी त्यांनी पॅनेलचं दार उघडून आत पाचशे वॉटचा हॅलोजन लावला. वीस मिनिटांत मशीन पडलं. हॅलोजन काढला, गार होऊ दिलं, चाललं. परत लावला, परत पडलं. मग एकेक कार्ड पुठ्ठ्यानं झाकत गेले. पॉवर सप्लायचं कार्ड झाकलं तेव्हा मशीन टिकलं. ते कार्ड काढून भिंगाखाली धरलं तर एका जाड पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती. टाका सुटला होता. कार्ड तापलं की फट उघडायची, गार झालं की मिटायची. दोन मिनिटांचं सोल्डरिंग.

तुझ्या कॉम्प्युटरचं काय झालं ते आठव. तू सुटे भाग घेऊन स्वतः जोडलास, मला त्याचा फार अभिमान वाटला. आपल्या गावाला ही खोड जुनी आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तो बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण. विलायती कॅमेरा परवडत नव्हता म्हणून त्या माणसानं कोल्हापुरातच कॅमेरा बांधला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढं आणला. त्या कामातला अवघड भाग मला नेहमी दिसतो. फिल्मची प्रत्येक चौकट गेटपुढं नेमक्या त्याच जागी थांबायला हवी. ती जरा घसरली तर चित्र थरथरतं, आणि थरथरलं हे कळणार कधी, तर फिल्म धुतल्यावर. चूक घडते एका वेळी, दिसते दुसऱ्या वेळी. तुझ्या डब्यातही नेमकं हेच चाललं होतं.

तू फौंड्रीसाठी पॅटर्नची ड्रॉइंगं करतेस, ओतीव गोठताना पोकळी कुठं राहील याचं सिम्युलेशन लावतेस. ते दोन-दोन तास चालतं आणि मधेच पडलं की सगळं पाण्यात. तू काय केलंस? विंडोज तीनदा नव्यानं टाकलं. मग दुकानात नेलास. त्यांनी वीस मिनिटं चालवून बघितला आणि "आमच्याकडं तर चालतोय" म्हणून परत दिला. दुकानदाराला बोल लावू नको. जो फॉल्ट त्याच्यासमोर येत नाही तो त्यानं काढायचा कसा?

म्हणून पहिलं काम वही. मी तुला नऊ दिवस लिहायला लावलं तेव्हा तू चिडलीस. पण त्या अकरा नोंदींनीच वाट दाखवली. वेळ, काय चालू होतं, पंखा-फ्रीज-मोटर सुरू होती का, लाइट गेली-आली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कसा पडला. "बंद पडला" एवढं लिहून भागत नाही. पडायचे प्रकार वेगळे आणि प्रत्येकाचं घराणं वेगळं. बटण दाबल्यासारखा फट्‌कन काळा होऊन आपोआप सुरू झाला, तर आधी वीज, एसएमपीएस (म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा) आणि उष्णता बघायची. निळी स्क्रीन येऊन काहीतरी नाव सांगून गेला, तर रॅम किंवा ड्रायव्हर. चित्र गोठलं आणि आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर पुन्हा रॅम, प्रोसेसर किंवा डिस्क. स्क्रीन काळी, पण आतले पंखे जोरात फिरतायत, तर ग्राफिक कार्ड आणि त्याची केबल. हे नियम दगडावरची रेघ नाहीत, पण सुरुवात कुठनं करायची ते यावरनं ठरतं. काम जोरात असताना पडतो की नुसता बसलेला असताना, हेही लिही. जोरात असताना पडणारा बहुधा उष्णतेचा नाहीतर विजेचा. नुसतं गाणं चालू असताना, सकाळी सव्वासातला, गार असताना पडणारा उष्णतेचा नाही हे उघड आहे. तुझ्या वहीत असल्या तीन नोंदी होत्या.

निळी स्क्रीन वाचायला मिळावी म्हणून विंडोजमधलं आपोआप रिस्टार्ट बंद करून ठेव आणि मोबाइलवर फोटो काढ. पण त्या नावावर लगेच विश्वास टाकू नको. तुझ्या अकरातल्या सात निळ्या स्क्रीन होत्या आणि सातांवर पाच वेगळी नावं. एकच नाव सारखं येत असेल तर त्या ड्रायव्हरच्या मागं लागावं. नाव दर वेळी बदलत असेल तर जो सगळ्यांना घर देतो त्याच्याकडं, म्हणजे रॅमकडं बघावं. मला तिथंच पहिला वास आला होता. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं म्हणून तू एसएमपीएस बदलायला निघाली होतीस. त्या ओळीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच आहे. त्या ओळीच्या भरवशावर पाच-सहा हजार घालवू नयेत.

निरोप एकाचा आणि दोष दुसऱ्याचा, हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचं ताजं उदाहरण २०२४ चं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या भारी डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडायचे आणि स्क्रीनवर यायचं की व्हिडिओ मेमरी पुरत नाही. लोक ग्राफिक कार्डावर खापर फोडत राहिले. शेवटी जुलैमध्ये कंपनीनं मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता. ऑगस्टपासनं त्यावर मायक्रोकोडचे अपडेट आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच खराब झाला त्याला अपडेटनं बरं करता येत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. मैत्रिणीचा प्रोसेसर त्या पिढीतला असेल तर हे आधी तपास, बायोस नवा आहे का बघ.

आता विजेचं. यात मी जरा रेंगाळणार, कारण नव्या कॉम्प्युटरवर हजारो रुपये घालणारी माणसं भिंतीतल्या तीन भोकांकडं बघतही नाहीत.

तुमचं मंगळवार पेठेतलं घर जुनं. वायरिंग तीनदा वाढवलेलं. तू म्हणालीस, "कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात." तेव्हाच मी मल्टिमीटर घेऊन आलो. तुझ्या सॉकेटला तिसरं भोक होतं, मागं वायर नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं पत्र्यावर मेनच्या निम्मा व्होल्टेज येऊन बसतो, म्हणून त्या मुंग्या. माणूस मरायला तेवढा करंट बहुधा पुरत नाही, पण यूएसबी आणि एचडीएमआयची पिन लावताना तो दुसऱ्या वाटेनं वाहतो आणि पोर्ट जाऊ शकतात. फेज-न्यूट्रल मोजलं की २३०च्या आसपास यायला हवं, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस दिसले तर न्यूट्रल नाहीतर अर्थिंग कुठंतरी ढिलं असण्याचा संशय घ्यावा. हे मोजमाप तू एकटीनं करू नको. वायरमनला बोलाव, शेजारी उभी राहा आणि आकडे वहीत लिहून घे. "अर्थिंग आहे की" एवढ्यावर त्याला सोडू नको.

इन्व्हर्टरचंही बघ. घरच्या इन्व्हर्टरच्या पाठीमागं बहुतेकदा एक छोटा खटका असतो, एकीकडं यूपीएस आणि दुसरीकडं नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असला तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तो दिव्या-पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही. मग लोक म्हणतात, "लाइट गेलीच नव्हती तरी बंद पडला." गेली होती, डोळ्याला दिसली नाही एवढंच. स्वस्तातल्या यूपीएसची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि काही नव्या एसएमपीएसना ती पचत नाही. संशय आला तर एक दिवस यूपीएस काढून सरळ भिंतीतनं चालव, महत्त्वाचं काम न लावता.

तुझं अर्थिंग नीट करून घेतलं. मुंग्या गेल्या. कॉम्प्युटर तरी पडतच होता. हे मुद्दाम लिहितोय. एक खरा दोष सापडला की माणूस समाधानानं थांबतो, पण सापडलेला दोष आणि शोधत असलेला दोष एकच असतो असं नाही.

डबा उघडायच्या आधी तुझी ड्रॉइंगं दुसऱ्या डिस्कवर काढून घे. रॅम खराब असताना जी फाइल सेव्ह होते ती आतनं बिघडलेली असू शकते, म्हणून जुनी प्रत पुसू नको. मग पिन काढ, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून आतली शिल्लक वीज जाऊ दे, उघड्या पत्र्याला हात लाव आणि मगच भागांना. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. पिन काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

आत बघायचं ते हातानं. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरचा आठ पिनांचा, दोन्ही काढून परत बसव, खटका 'टक्' वाजला पाहिजे. आठ पिनांचा हा कोपऱ्यात, हीटसिंकच्या मागं असतो, बोट पोचत नाही म्हणून नवी माणसं तो अर्धाच बसवतात. ग्राफिक कार्डाला दोन तोंडं असतील तर दोन वेगळ्या केबली ओढ. एसएमपीएसच्या सुट्या निघणाऱ्या केबली त्याच्याच असाव्यात. दुसऱ्या मेकची केबल बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळू शकतात. मदरबोर्डखालचे पितळी पाय भोकं आहेत तेवढेच हवेत. एखादा जादा पाय मागच्या टाक्यांना टेकला की फॉल्ट असा लपतो की महिनाभर सापडत नाही. कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म काढली का ते विचारायला लाजू नको, ती राहिल्याची मी दोन उदाहरणं पाहिली आहेत. कूलरचे स्क्रू कोपऱ्यासमोर कोपरा असे थोडेथोडे आवळायचे, जसं सिलिंडर हेडचं करतात.

मग सगळं उतरवायचं. एक रॅम, एक डिस्क, प्रोसेसरमधूनच चित्र मिळत असेल तर ग्राफिक कार्डही बाहेर. एवढ्यावर टिकला तर एकेक वस्तू परत घालायची, एका वेळी एकच, आणि मध्ये पुरेसा वेळ. पुरेसा म्हणजे किती ते वही सांगते. तुझा कॉम्प्युटर सरासरी दिवसातनं एकदा पडायचा, तर एक तास टिकला याला काही अर्थ नाही, तीन-चार दिवस टिकायला हवा. इतका धीर कुणाला नसतो, म्हणूनच हुकमी पाडायची सोय शोधायची. प्रोसेसरवर वेगळा भार, ग्राफिक कार्डावर वेगळा, मग दोन्ही एकदम. आणि रॅमसाठी मेमटेस्ट, पेनड्राइव्हवरनं, विंडोज सुरू न करता, रात्रभर.

एका रात्री माझ्याकडं आपण हा मेमटेस्ट लावला. रात्री दहाला सुरू केला, तू बारापर्यंत बसलीस, एक चूक नाही. तू झोपलीस. बाहेर पाऊस लागला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी मी पाणी प्यायला उठलो तर स्क्रीनवर एक लाल ओळ. सव्वादोनला दुसरी. पहाटेपर्यंत एकोणीस. मेमटेस्टमध्ये एक चूक निघाली तरी नापास. शंभरात एक चालते, असं तिथं नसतं.

सकाळी तू म्हणालीस, "रॅम खराब निघाली, बदलून आणते." मी थांबवलं. चार पट्ट्या होत्या, दोन जोड्या. पहिली जोडी एकटी रात्रभर, स्वच्छ. दुसरी जोडी एकटी रात्रभर, स्वच्छ. चारही एकत्र, पुन्हा लाल. एकही पट्टी खराब नव्हती.

पाकिटावर ६००० लिहिलंय आणि तू बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे पाकिटावरच्या वेगानं रॅम चालवायची सोय, चालू केलंस, सगळे करतात. पण तो वेग रॅम बनवणाऱ्यानं सांगितलेला. प्रोसेसर बनवणारा काय म्हणतो? तुझ्या रायझन ७००० ला कंपनी दोन पट्ट्यांवर ५२०० म्हणते आणि चार पट्ट्यांवर फक्त ३६००. त्याच्या वर चाललं तर नशीब. दोन पट्ट्यांवर ६००० बहुतेकांचं चालतं, म्हणून तुझी पहिली जोडी महिनाभर नीट चालली. दुसरी घातल्यावर त्रास सुरू झाला आणि त्याच आठवड्यात तू विंडोजही अपडेट केलंस, म्हणून बोट तिकडं गेलं. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या की अशी वाट चुकते. इंटेलवाल्यांकडं याच सोयीला एक्सएमपी म्हणतात. नव्या कॉम्प्युटरचा कुठलाही त्रास असो, ते बंद करून बघणं फुकट आहे आणि पहिल्या दिवशी करता येतं. दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासनं दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाल. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, बोर्ड रॅमचं माप घेत असतो. घाबरून पिन काढू नको.

३६०० वर ठेवला. चार दिवस, सिम्युलेशन रोज दोनदा, एकदाही पडला नाही. तू पेढे आणायला निघालीस आणि मी म्हटलं, आता परत ६००० वर टाक. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण हीच वस्तादांच्या मंत्राची दुसरी बाजू, जी फार कमी लोक पाळतात. काढलेला फॉल्ट परत घालून बघायचा. परत घातल्यावर मशीन पडलं तरच आपण काढला तो फॉल्ट खरा. नाहीतर कनेक्टर हलल्यामुळं, हवा बदलल्यामुळं तात्पुरतं बरं वाटलेलं असू शकतं. ६००० वर ते चाळीस मिनिटांत पडलं. पुन्हा ३६००, पुन्हा ठीक. त्यानंतरचे पेढे मी खाल्ले.

पुढं कधी जमलं तर चारच्या जागी दोन मोठ्या पट्ट्या घे, वेगही मिळेल. घाई नाही.

बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडं वळवाच्या दुपारी ते करू नको, भरवशाच्या यूपीएसवर कर. कॅबिनेट जमिनीपासनं वर ठेव. पावसाळ्यात फरशीला ओल येते, आणि उबेला पाली आत शिरतात. एका पॅनेलमध्ये पालीनं दोन फेज जोडलेले मी पाहिलेत. मागच्या उघड्या खाचांना पट्ट्या लाव. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले एसएमपीएस वाळवून विकायला आलेले लोकांनी घेतले. स्वस्त मिळाला तरी असला डबा घरात आणायचा नाही.

बिलं, खोकी आणि त्यावरचे सीरियल नंबरचे स्टिकर जप. दुकानात जाशील तेव्हा वही घेऊन जा आणि "असं केलं की वीस मिनिटांत पडतो" एवढं सांग. समोर पाडून दाखवलास की कुठलाही भला दुकानदार नाही म्हणत नाही.

मैत्रिणीला सांग, येत्या रविवारी अकराच्या पुढं या. तोवर तिनं काही बदलू नये, विंडोज तर नाहीच. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का, पट्ट्या किती आणि कुठल्या खाचेत, तेवढं बघून ठेवावं. आणि आजपासनं वही लिहायला घ्यावी, वेळेसकट.